वनस्पतिज आहार : संहितेचा आधार आणि आपले औषधालय

गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात एक प्रश्न वारंवार कानी पडू लागला आहे. "डॉक्टर, या औषधात प्राण्यांपासूनचे काही नाही ना?" पूर्वी असा प्रश्न जैन कुटुंबांतून किंवा माळकरी घरांतून येत असे. आता तो पंचविशी-तिशीतील तरुण विचारतात. यांपैकी काहींनी मांस व अंडी तर सोडलेली असतातच, शिवाय दूध, दही, तूप आणि मधही सोडलेला असतो. कारण विचारल्यास ते तीन कारणे सांगतात : स्वतःचे आरोग्य, प्राण्यांचे हाल आणि पृथ्वीची वाढती उष्णता. ही मंडळी आयुर्वेदाकडे मोठ्या विश्वासाने येतात, कारण आयुर्वेद म्हणजे शाकाहार असा त्यांचा पक्का समज असतो. आपल्यापैकी अनेक व्यवसायबंधू हा समज दूर करीत नाहीत. तो सोयीचा आहे, एवढेच त्याचे कारण असावे.

वनस्पतिज आहाराचा पुरस्कार वैद्याने करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तो संहितेच्या नावावर खोटे न खपवता करावा, आणि करताना आपल्या औषधालयातील कपाटही एकदा उघडून पाहावे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच.

प्रथम संहितेविषयी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात आहारद्रव्यांचे १२ वर्ग केले, त्यांत मांसवर्ग आहे आणि मद्यवर्गही आहे. अग्र्यद्रव्यांच्या संग्रहात बृंहण द्रव्यांत मांसाला श्रेष्ठ स्थान दिले आहे. सूत्रस्थानाच्या ५ व्या अध्यायात नित्य सेवनास योग्य अशा द्रव्यांची जी सुप्रसिद्ध यादी आहे, तीत षष्टिक, शाली, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचे पाणी, दूध, तूप आणि मध यांच्या जोडीला जांगल मांसही आहे. हीच यादी रुग्णांसाठी छापताना जांगल हा शब्द गाळलेली पत्रके आमच्या पाहण्यात आली आहेत. हेतू चांगला असेल, पण ग्रंथात हात घालण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? चार महास्नेहांपैकी तैल तेवढे स्थावर; घृत, वसा व मज्जा हे तिन्ही जांगम आहेत. त्रिविध द्रव्यांमध्ये जांगम द्रव्यांची गणना करताना मधापासून शिंग, नख, खूर आणि गोरोचनापर्यंत सर्व काही आचार्यांनी निःसंकोचपणे मोजले आहे. हे सत्य रुग्णापासून लपवून आपण शाकाहाराचे मंडन करू लागलो, तर ज्या दिवशी तो स्वतः भाषांतर वाचेल त्या दिवशी आपला शब्द आणि आपले औषध या दोन्हींवरील त्याचा विश्वास उडेल.

याच चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या ३० व्या अध्यायात प्राण वाढविणाऱ्या गोष्टींत अहिंसेला सर्वोत्कृष्ट म्हटले आहे. अतिसाराच्या उत्पत्तीची कथा सांगताना पूर्वी यज्ञात पशुवध होत नसे असे सांगून, पुढे झालेला वध आणि त्या मांसाचे सेवन यांच्याशी रोगाची उत्पत्ती जोडली आहे. वाग्भटांनी तर दिनचर्येतच किडामुंगीकडेही आपल्यासारखेच पाहावे असा उपदेश केला. म्हणजे ज्या आचार्यांनी मांसाचे गुणकर्म निर्विकारपणे लिहिले, त्यांनीच जीवहत्येविषयीचा संकोचही लिहून ठेवला. या दोन विधानांत विरोध मानण्याचे कारण नाही. द्रव्याचे गुण सांगणे हे एक काम. ते द्रव्य कोणी, केव्हा, कोणत्या अवस्थेत घ्यावे हे ठरविणे दुसरे. शोषाच्या क्षीण रुग्णास मांसरस देणारा वैद्य आणि दुपारी कार्यालयात बसून तळलेली कोंबडी खाणारा स्थूल मधुमेही यांना एकच श्लोक लागू होत नाही.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळू. मांसवर्गाचे विवेचन करणाऱ्या त्याच २७ व्या अध्यायाच्या अखेरीस वर्ज्य मांसाची लक्षणे आहेत. आपोआप मेलेल्या, कृश, अतिमेदस्वी, वृद्ध, अल्पवयीन, विषाने मारलेल्या प्राण्यांच्या जोडीने तेथे 'अगोचरभृत' असा शब्द येतो. जो प्राणी त्याच्या स्वाभाविक चरण्याच्या प्रदेशात वाढलेला नाही, त्याचे मांस टाकावे, असा त्याचा अर्थ. पदवीच्या अभ्यासात हा शब्द आपण सर्वांनी घोकला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. आज बाजारात मिळणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीला ही कसोटी लावून पाहावी. ती जन्मापासून बंद शेडमध्ये असते. तिला चरण्याचा प्रदेशच नसतो. पाच ते सहा आठवड्यांत तिचे वजन दोन किलोच्या आसपास नेले जाते, म्हणजे ती बालही आहे आणि निवडीने व खाद्याने मेदस्वीही केलेली आहे. तिच्या खाद्यात प्रतिजैविकांचा वापर इतका वाढला होता की मानवी रुग्णांसाठी अखेरचा उपाय मानले जाणारे कोलिस्टिन हे औषध पशुखाद्यात व पशुपालनात वापरण्यास केंद्र शासनाला २०१९ साली बंदी घालावी लागली. अंडी देणाऱ्या कोंबडीची अवस्था याहून कठीण. पिंजऱ्यात तिच्या वाट्याला येणारी जागा टंकलेखनाच्या एका कागदाहूनही कमी असते, आणि त्या जातीची नर पिले अंडी देत नाहीत म्हणून जन्मतःच मारली जातात.

चरकांनी ज्या जांगल मांसाची प्रशंसा केली, ते लावा, तित्तिर, एण यांचे. कोरड्या रानात धावणाऱ्या, पचनास लघु प्राण्यांचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर यांची शिकार हा अपराध आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा परिस्थिती अशी की ज्या मांसाला संहितेने पथ्य म्हटले ते कायद्याने मिळत नाही, आणि जे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ते संहितेच्याच लक्षणांनुसार वर्ज्य ठरते. मांसाहारी रुग्णाला आम्ही हेच सांगतो, आणि अनुभव असा की धर्म वा जातीचा विषय न काढता सांगितलेले हे कारण त्याला पटते. शासनाच्या २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ६० टक्के लोक मांसाहारी आहेत. त्यांना कमीपणा वाटेल अशा भाषेत पथ्य सांगणारा वैद्य आपले निम्म्याहून अधिक रुग्ण गमावतो, आणि ते योग्यच करतात.

दुधाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. क्षीर जीवनीयांत श्रेष्ठ, घृत स्नेहांत श्रेष्ठ. यावर आपले निम्मे चिकित्साशास्त्र उभे आहे. परंतु ज्या गाईचे वासरू पोटभर पिऊन उरलेले दूध घरात येत असे, ती गाय आणि आजचा दुग्धव्यवसाय यांत अंतर पडले आहे. भारत १९९८ पासून जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही अग्रभागी आहे. हे दोन स्वतंत्र धंदे नव्हेत. दूध आटलेली म्हैस आणि नर रेडकू यांचे पुढे काय होते, हे दूध पिणाऱ्या शाकाहारी कुटुंबाला सहसा ठाऊक नसते. पान्हा सुटावा म्हणून ऑक्सिटोसिनची सुई टोचणारे गोठे आहेत, हे ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या बंधूंना सांगावयास नको. म्हणून जो तरुण दूध नको म्हणतो त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल, तर औषधी घृताला आम्ही सोडलेले नाही व सोडणारही नाही. पण दिवसातून चार वेळा चहात जाणाऱ्या दुधाला जीवनीय म्हणणे हा शास्त्राचा उपमर्द आहे.

तिसरे कारण हवामानाचे. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय येथे आठवल्याखेरीज राहत नाही. वायू, उदक, देश आणि काळ हे चार भाव दूषित झाले की प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी एकाच रोगाला बळी पडतात. या चौघांत वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काळ अधिक दुष्परिहार्य असा क्रम आचार्यांनी दिला आहे. ऋतूच बिघडला तर पळून जाणार कोठे? काळाच्या या बिघाडात पशुपालनाचा वाटा किती, याचे आकडे उपलब्ध आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली तो मानवनिर्मित उष्णतावर्धक वायूंच्या १४.५ टक्के सांगितला. २०२३ च्या अहवालात नव्या गणनेनुसार तो सुमारे १२ टक्के आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पचनातून बाहेर पडणारा मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूपेक्षा सुमारे २७ ते २८ पट उष्णता धरून ठेवतो. पूर व नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार मांस, दूध, अंडी व पाळीव मासे यांसाठी जगातील शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन लागते, आणि त्यातून मानवाला मिळतात केवळ १८ टक्के उष्मांक व ३७ टक्के प्रथिने.

हे जागतिक आकडे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बैलजोडीवर जसेच्या तसे लादू नयेत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील ज्वारीचा कडबा जनावर खाते, त्याचे शेण त्याच रानात जाते. हे चक्र आणि धान्य पिकवून ते शेडमधील पक्ष्यांना चारणे यांत मोठा भेद आहे. विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. त्याचे तेल आपल्या कढईत येते आणि उरलेली पेंड मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या खाद्यात जाते. माणसाने खाण्याची ज्वारी गेली, कडबाही गेला. भातखाचरांतूनही मिथेन निघतो, हे जाता जाता नमूद करावे. केवळ वनस्पतिज म्हणून कोणतेही अन्न निर्दोष ठरत नाही.

आरोग्याच्या बाबतीतही तेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि त्यांत शाकाहाऱ्यांची वाण नाही. साबुदाणा वडा, शेव, पाव, खारी, जिलेबी आणि पांढरा भात हा सर्व वनस्पतिज आहारच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरविले, हे खरे. इंग्लंडमधील एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात शाकाहाऱ्यांत हृद्रोग २२ टक्क्यांनी कमी आढळला, हेही खरे. परंतु २०१९ च्या त्याच निबंधात पक्षाघाताचे प्रमाण शाकाहाऱ्यांत २० टक्क्यांनी अधिक होते, आणि २०२० च्या पुढील निबंधात दूधही न घेणाऱ्यांमध्ये अस्थिभग्न ४३ टक्क्यांनी अधिक आढळले. अर्धे सांगून अर्धे लपविणे वैद्याला शोभत नाही.

जीवनसत्त्व ब-१२ हा यांतील सर्वांत गंभीर विषय. वनस्पतींतून ते विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही. इडली, कांजी, शेवगा, स्पिरुलिना यांवर भिस्त ठेवणारे सल्ले सर्रास दिले जातात. ते निराधार आहेत. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले, आणि शाकाहाऱ्यांत हा धोका चौपटीहून अधिक होता. दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यांची ही स्थिती, तर तेही सोडणाऱ्यांचे काय होणार? हातापायांना मुंग्या, सुप्ती, भ्रम, दौर्बल्य घेऊन आलेला रुग्ण आपण वातव्याधी म्हणून बलातैल व दशमूळावर ठेवतो. तो मेटफॉर्मिन घेणारा मधुमेही असेल तर त्या औषधानेही ब-१२ घटते. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी असेल तर रक्तातील पांडुत्व झाकले जाते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते. काही महिन्यांनी ती भरून येत नाही. अशा प्रत्येक रुग्णाची रक्ततपासणी करून घ्यावी व पूरक मात्रा सुरू करवावी. ती जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्यापासून नव्हे. त्यामुळे रुग्णाच्या व्रतालाही बाध येत नाही.

दुसरी काळजी रूक्षतेची. तूप-दूध सोडून नाचणी, बाजरी, वरी, कडधान्ये यांवर एकदम आलेल्या माणसाला आध्मान, मलावरोध, निद्रानाश यांचा त्रास सुरू होतो, आणि 'आयुर्वेदिक आहार मानवत नाही' अशी तक्रार तो आपल्याकडेच घेऊन येतो. कुधान्ये लघु, रूक्ष व लेखन आहेत. स्थूल मधुमेह्यास ती उत्तम, कृश वातप्रकृतीस स्नेहाविना नव्हेत. ज्वारीच्या भाकरीवर तिळाची किंवा जवसाची चटणी, कच्च्या घाण्याचे करडईचे तेल, वरणात आमसूल व हिंग ही आपल्या घरची योजना पुरेशी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास येते. आणि सवय सोडविताना चरकांचा पादांशिक क्रम विसरू नये. सात्म्य झालेला पदार्थ, तो अहितकर असला तरी, चतुर्थांशाने कमी करीत न्यावा. एका रविवारी निश्चय करून सोमवारी सर्व सोडणारे दोन महिन्यांत पूर्वस्थितीवर येतात.

आता औषधालय. आमच्याकडे एक तरुण संगणक अभियंता अम्लपित्तासाठी येत असे. त्याने आमच्या औषधांसोबत बाजारातून एका बलवर्धक चूर्णाच्या कॅप्सूल आणल्या. सहा महिन्यांनी त्याला कळले की वेष्टन जिलेटिनचे, म्हणजे गुरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले आहे. त्याने त्या कंपनीला दूरध्वनी केला, तेव्हा उत्तर मिळाले, "आयुर्वेदिक आहे म्हणजे शाकाहारीच असते." त्यानंतर त्याने सर्वच आयुर्वेदीय औषधे थांबविली. त्याचे आम्हाला आश्चर्य वाटले नाही. अम्लपित्तात आपण नित्य लिहितो ती सूतशेखर, मौक्तिकयुक्त कामदुधा, प्रवाळपंचामृत यांत शंख, कवडी, मोती, शिंपला, पोवळे असते, हेही रुग्णाला कोणी सांगत नाही. लाक्षादि गुग्गुळातील लाख किड्यापासून येते. गोळीवरचे चकचकीत लेपनही पुष्कळदा लाखेचेच. गंधकाचे शोधन तूप व दुधात होते, म्हणजे कज्जली असलेले प्रत्येक औषध त्या वाटेने आलेले असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ मधील नियम १६१ अन्वये घटकांची यादी लेबलवर द्यावी लागते, परंतु 'शंखभस्म' हे शब्द वाचून तो मेलेल्या सागरी जीवाचा सांगाडा आहे हे नव्या पिढीस कळेलच असे नाही, आणि शोधन-भावनेची द्रव्ये सामान्य ग्राहकास दिसतच नाहीत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हिगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम व चिन्ह आणले. औषधनिर्मात्यांनी कायद्याच्या सक्तीची वाट न पाहता 'प्राणिज घटक : आहे / नाही, असल्यास कोणता' अशी एक ओळ लेबलवर स्वेच्छेने छापावी. वनस्पतिज सेल्युलोजच्या कॅप्सूल बाजारात आहेत. त्या थोड्या महाग पडतात हे मान्य. पण चूर्ण वा वटी देता येत असताना कॅप्सूलचा आग्रह कशासाठी, हाही प्रश्न आहेच.

पर्यायांचा विचार आपल्या ग्रंथकारांनी केलेला आहे. भावप्रकाशादी ग्रंथांतील अभावप्रतिनिधी द्रव्यांत मधाऐवजी जुना गूळ, दुधाऐवजी मुगाचा वा मसुराचा यूष, कस्तुरीऐवजी कंकोळ सांगितले आहे. कस्तुरीमृग व मृगशृंग यांच्या बाबतीत तर कायद्यानेच हा मार्ग दाखविला आहे. अम्लपित्तात अविपत्तिकर, यष्टिमधू, आमलकी, गुडूची, शतावरी यांनी बरेच साधते. स्नेहपानात कफमेदप्रधान, क्रूरकोष्ठी, वातव्याधीच्या रुग्णास शीत काळात तैलपान चरकांनीच सुचविले आहे. तेथे तिळतेल संकोच न करता द्यावे. मात्र पित्तप्रधान रुग्णास, उन्माद-अपस्मारात, नेत्ररोगांत जेथे घृताचाच अधिकार आहे, तेथे तेलाने काम भागते असे सांगू नये. रुग्णास घटक सांगावा, कारण सांगावे, निर्णय त्याचा. आमच्या अनुभवात असे स्पष्ट सांगितल्यावर निम्म्याहून अधिक रुग्ण औषध म्हणून तूप घेण्यास राजी होतात. जे होत नाहीत त्यांची तशी नोंद रुग्णपत्रिकेवर करून पर्यायी योजना करतो.

पंचकर्म करणाऱ्या व्यवसायबंधूंकडे एक विनंती आहे. शोधनपूर्व स्नेहपानात घृताऐवजी तिळतेल वापरले असल्यास रुग्णाची प्रकृती, कोष्ठ, ऋतू, मात्रा, सम्यक स्निग्ध लक्षणे किती दिवसांत दिसली आणि उपद्रव कोणते झाले, एवढी माहिती लिहून संपादकांकडे पाठवावी. औषधनिर्मात्यांनीही आपल्या उत्पादनांपैकी प्राणिज घटकविरहित, शोधन-भावनेसह, कोणती आहेत याची यादी कळवावी. यादी कितीही छोटी असली तरी चालेल.